लॅरी होम्सची तिसरी खुर्ची

२१ सप्टेंबर १९८५ च्या रात्री लास वेगासमध्ये हेवीवेट बॉक्सिंगचा चॅम्पियन लॅरी होम्स हरला. हरण्यात काही मोठं नव्हतं. हरल्यावर तो बोलला, आणि तिथे सगळं बिघडलं. त्या रात्रीपर्यंत तो ४८ लढती खेळला होता आणि ४८ जिंकला होता. आणखी एक जिंकला असता तर जुना हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोच्या ४९-० शी, म्हणजे ४९ विजय आणि शून्य पराभव यांच्याशी, बरोबरी झाली असती. योगायोग असा की मार्सियानोची ४९वी आणि शेवटची लढत, आर्ची मूरविरुद्धची, बरोबर तीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला झालेली. मार्सियानो स्वतः १९६९ साली विमान अपघातात गेला होता, पण त्याच्या घरची माणसं त्या रात्री हजर होती. मायकेल स्पिंक्सने होम्सला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. मग पत्रकारांसमोर, त्या घरच्या माणसांच्या देखत, होम्स म्हणाला की मार्सियानोची माझा लंगोट उचलायचीही लायकी नव्हती.

पुढे त्याने माफी मागितली. माफी कोण वाचतं? एका वाक्याने सात वर्षांच्या राज्यावर जे पाणी पडलं ते अजून वाळलेलं नाही. आजही कुठे हेवीवेटच्या थोरांची यादी निघाली की होम्स मधेच कुठेतरी, सहाव्या-सातव्या ओळीत, आल्या-गेल्या पाहुण्यासारखा बसवलेला दिसतो. माझ्या मते अली आणि जो लुई यांच्यानंतरची तिसरी खुर्ची त्याची आहे. हे मी फार वर्षं म्हणतोय आणि फार थोड्या लोकांना पटवू शकलोय.

मी स्वतः कधी हातात ग्लोव्हज घातले नाहीत. माझं बॉक्सिंग पडद्यावरचं, आणि तेही उशिरा जडलेलं. यूट्यूबवर जुन्या लढती सबंध मिळायला लागल्या तेव्हापासून, रात्री घर झोपलं की एखादी लावायची, असं ते सुरू झालं. या विषयावर माझ्याशी भांडायला नात्यात एकच माणूस आहे, माझे साडू. सांगलीचे. पोरवयात तालमीत माती अंगाला लावलेली, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे हे आपल्याला नुसतं बघून कळतं, असा त्यांचा दावा. कुणाचं लग्न असो, मुंज असो, जेवणाची पंगत उठली की आम्ही दोघं कार्यालयाच्या गच्चीवर, आणि खाली बायका एकमेकींना विचारतायत, ‘हे दोघं गेले कुठे?’

त्यांची यादी पाठ आहे. अली, जो लुई, मार्सियानो, फोरमन, टायसन. होम्स आठवा की नववा हे त्यांच्या त्या दिवशीच्या पित्तावर अवलंबून. मुद्दा मात्र बिनतोड मांडतात. ‘अहो, अली म्हटलं की फोरमनला लोळवलेलं किन्शासा आठवतं, फ्रेझरला हरवलेलं मनिला आठवतं. फोरमन म्हटलं की किंग्स्टनला सहा वेळा आपटलेला फ्रेझर दिसतो. टायसन म्हटलं की स्पिंक्स, ९१ सेकंदांत खल्लास. तुमच्या होम्सचं काय आठवतं ते सांगा. म्हाताऱ्या अलीला मारलं, एवढंच ना?’

वर्मी लागणारा प्रश्न आहे. कारण खरंच, बहुतेकांना एवढंच आठवतं.

होम्सचा जन्म १९४९ चा, जॉर्जियातल्या कथबर्ट गावचा. बारा भावंडं. लॅरी लहान असतानाच कुटुंब पेनसिल्व्हेनियात ईस्टनला आलं. डेलावेअर नदीकाठचं हे गाव मुलांच्या रंगीत खडूंसाठी, क्रेयोलासाठी प्रसिद्ध आहे. वडील माळीकामासाठी कनेक्टिकटला राहू लागले, घर आईने ओढलं. पोराने तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि मोटारी धुवायच्या कामाला लागला, तासाला एक डॉलर. पुढे डंपर चालवला, दगडाच्या खाणीत राबला. हौशी बॉक्सिंगमध्ये १९७२ च्या ऑलिंपिक निवडीत ड्युएन बॉबिकसमोर सारखी मिठी मारतो म्हणून त्याला बाद ठरवलं, आणि ‘याच्यात दम नाही’ हा शिक्का तिथेच बसला. व्यावसायिक म्हणून १९७३ मध्ये पहिली लढत खेळला तेव्हा हातात आले ६३ डॉलर.

अलीचा डियर लेकचा सरावाचा तळ पेनसिल्व्हेनियातच होता. होम्स तिथे स्पॅरिंग पार्टनर म्हणून लागला. स्पॅरिंग पार्टनर म्हणजे पैसे घेऊन मार खाणारा माणूस. चॅम्पियनला घाम यावा म्हणून आणलेला. एकदा अलीच्या ठोशाने त्याचा डोळा काळा-निळा झाला, तर त्याने बर्फ लावू दिला नाही. अलीने मारलेला डोळा होता तो, चारचौघांत मिरवायचा होता. पुढे मनिलात अली आणि फ्रेझर एकमेकांना मरणाच्या दारापर्यंत घेऊन गेले, त्याच कार्यक्रमात आधी एक लढत झाली होती: होम्सने ड्युएन बॉबिकच्या भावाला, रॉडनीला हरवलं. ती कुणाच्या लक्षात राहिली असती?

डियर लेकमध्ये तो अलीचे पाय बघत होता, अंतर राखणं बघत होता, आणि डावा हात बघत होता. पुढे टीकाकारांनी म्हटलं की हा अलीची नक्कल आहे. इथे मी थोडा वेळ काढणार आहे, कारण मला होम्समध्ये सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर तो डावा हात.

जॅब हा बॉक्सिंगमधला सगळ्यात साधा ठोसा. पुढचा हात सरळ बाहेर, सरळ आत. बहुतेक जण तो अंतर मोजायला किंवा समोरच्याची नजर अडवायला वापरतात. अलीचा जॅब चाबकासारखा होता, सटकन लागायचा आणि डंख मारून परत. होम्सचा तसा नाही. तो डावा हात जरा खाली, कमरेच्या वर ठेवून उभा राहायचा, त्यामुळे ठोसा खालून वर येतो आणि समोरच्याला तो उशिरा दिसतो. हात बाहेर पडतो तेव्हा पुढचा पाय अर्धी वीत पुढे सरकलेला असतो आणि मागून खांदा आलेला असतो. म्हणजे लागतं ते हाताचं वजन नाही, धडाचं. मूठ शेवटच्या क्षणी वळते. आणि परत येताना तो हात सरळ येत नाही, कधी कधी हवेतच थांबतो आणि तिथूनच दुसऱ्यांदा निघतो. समोरचा पहिल्यापासून सावरून मान वर करतो, तेव्हा दुसरा नाकावर असतो. तिसरा आला तर त्यामागून उजवा हात येणार हे ठरलेलं.

कधी वेळ झाला तर त्याची एखादी लढत आवाज बंद करून बघा, आणि होम्सकडे न बघता समोरच्याच्या पायांकडे बघा. पाऊल पुढे टाकायला उचललेलं आणि टाकण्याआधीच मागे ठेवलेलं, असं फेरीत कितीदा तरी दिसेल. हे पाऊल टाकू न देणं म्हणजे होम्स. माणूस ठोसा मारायचं मनात आणतो, त्या मनात आणण्याला हा ठोसा मारतो. साडूंना मी हे एकदा मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, ‘हां, हात बांधून ठेवतो खरा.’ मग लगेच: ‘पण पाडत नाही.’

पाडत नाही! ६९ विजयांपैकी ४४ नॉकआउट आहेत त्याचे. पण असू दे.

आता तो केन नॉर्टन. १९७८ साली मायकेलचा भाऊ लिऑन स्पिंक्सने अलीला हरवून खळबळ उडवली होती, आणि नॉर्टनशी खेळण्याऐवजी अलीशीच पुन्हा खेळायचं ठरवलं. चॅम्पियनपदं देणाऱ्या संघटनांपैकी एक, डब्ल्यूबीसी, तिने रागावून नॉर्टनला कागदावर चॅम्पियन जाहीर केलं. ९ जूनला सीझर्स पॅलेसमध्ये होम्सने ते कागदी पद मागितलं. नॉर्टन म्हणजे अलीचा जबडा मोडलेला माणूस, शरीर शिल्पासारखं. आणि होम्सच्या डाव्या हाताचा स्नायू लढतीच्या काही दिवस आधीच सरावात फाटला होता. ज्याचं सगळं बॉक्सिंग डाव्या हातावर उभं, त्याचा डावा हात. कळलं तर लढत रद्द होईल म्हणून कुणाला सांगितलं नाही.

तो तसाच खेळला. सुरुवातीला लांबून टोचत राहिला, मधल्या फेऱ्यांत नॉर्टन आत घुसून बरगड्या फोडायला लागला. शेवटी पंधरावी फेरी आली. बॉक्सिंगच्या इतिहासातल्या सर्वोत्तम तीन मिनिटांची यादी कुणीही करो, ही फेरी तिच्यात असते. दोघांनी जॅब वगैरे गुंडाळून ठेवले आणि एकमेकांच्या छातीवर डोकं टेकून मारामारी केली. आधी नॉर्टनने होम्सला धुतलं. होम्सचं तोंड रक्ताने भरलेलं. मग कुठून काय आलं कोण जाणे, होम्सने अपरकट, म्हणजे खालून हनुवटीवर येणारे ठोसे, काढले, आणि घंटा झाली तेव्हा नॉर्टनचे पाय लटपटत होते. जजांचे आकडे बघा: दोघांनी १४३-१४२ असे होम्सला दिले, तिसऱ्याने तेच आकडे नॉर्टनला. पंधरा फेऱ्यांपैकी आठ एकाला, सात दुसऱ्याला. एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर आज आपण वेगळं काहीतरी बोलत असतो.

माझ्या लेखी माणसाची इयत्ता इथे ठरते. चांगल्या रात्री सगळेच राजे असतात. हेवीवेट चॅम्पियन मोजायचा तर त्याच्या वाईट रात्री मोजाव्यात, कारण या वजनात वाईट रात्र म्हणजे एका ठोशाचं काम असतं. होम्सच्या वाईट रात्री मी वेळोवेळी पुन्हा पाहिल्यात. नॉर्टनची फाटक्या स्नायूची रात्र त्यातली पहिली. दुसरी सप्टेंबर १९७९ ची, अर्नी शेव्हर्सची.

शेव्हर्सचा उजवा हात ज्यांनी खाल्ला त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे की इतकं जोरात त्यांना दुसऱ्या कुणी मारलं नाही. अलीही त्यात आला, होम्सही. पहिल्या वेळी होम्सने त्याला बारा फेऱ्या लांब ठेवून सहज हरवलं होतं. या वेळीही सहा फेऱ्या तेच चाललं होतं. सातव्या फेरीत शेव्हर्सचा उजवा वरून आला आणि होम्स झाड तोडावं तसा पडला. ती फीत मी कितीही वेळा बघितली तरी मला वाटतं की आता हा उठत नाही. तो उठतो. उठतो म्हणजे, अंगठा, गुडघा, पाय अशी काहीतरी यंत्रं आपापली चालू होतात. डोळ्यांत अजून कुणी आलेलं नसतं. पुढे घंटा होईपर्यंत तो कोपऱ्यात वाकतो, धरतो, डोकं हलवत राहतो, आणि शेव्हर्स सगळी ताकद हवेत आणि हातांवर खर्च करून बसतो. अकराव्या फेरीत रेफरीने लढत थांबवली, ती शेव्हर्सला वाचवायला.

दोन वर्षांनी पिट्सबर्गला रेनाल्डो स्नाइप्स नावाच्या कुणाच्या फारशा खिजगणतीत नसलेल्या गड्याने हेच केलं. पुन्हा सातवी फेरी, पुन्हा उजवा हात, होम्स खाली. उठला, आणि अकराव्या फेरीत जिंकला. साडू म्हणतात, ‘पडतो कशाला मुळात?’ हा तालमीतला प्रश्न आहे. मी म्हणतो, पडल्यावर जो शहाणा राहतो तो चॅम्पियन, आणि इथे आमचं गाडं अडतं ते चहा येईपर्यंत.

आता अली. टाळून चालणार नाही.

१९८० च्या सुरुवातीला अली मद्रासला आला होता. जिमी एलिसबरोबर त्याने प्रदर्शनीय लढत केली, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. निवृत्त राजा, जगाचा लाडका. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तो पुन्हा रिंगमध्ये उतरला, होम्ससमोर. वय ३८, दोन वर्षं लढत नाही. वजन उतरवलेलं, केस काळे केलेले; वजनाच्या दिवशीचे फोटो पाहिले तर तिशीतला अली परत आल्यासारखा वाटतो. आत काही उरलं नव्हतं. थायरॉइडच्या गोळ्यांनी त्याच्या अंगातलं पाणी आणि बळ दोन्ही आटवलं होतं. पहिल्या फेरीतच होम्सला ते कळलं असणार. कारण ज्या माणसाच्या रोजच्या सरावात त्याने वर्षं काढली होती, त्या माणसाला मारलेला जॅब कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

दहा फेऱ्या. तिघाही जजांनी एकही फेरी अलीला दिली नाही. होम्स मारायचा, मग थांबायचा, मग रेफरीकडे बघायचा. थांबवा की आता, असं त्याच्या सगळ्या अंगातून दिसतं. शेवटी कोपऱ्यातून अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत सोडून दिली. अलीच्या अख्ख्या कारकिर्दीत लढत संपायच्या आत हार मानावी लागली ती याच एका रात्री. जिंकलेला माणूस रडला. मग अलीच्या खोलीवर गेला आणि त्याला सांगितलं की माझं तुमच्यावर प्रेम आहे.

आपल्याकडे मोठ्या बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसणारा शिष्य असतो ना, बुवांच्या शेवटच्या मैफलीत गळा दगा देतो आणि याला पुढे होऊन गावं लागतं, त्याला श्रोते माफ करत नाहीत. गाणं चांगलं झालं तर अजिबातच नाही. होम्सचं तेच झालं. तो मन लावून खेळला असता तर कसाई, आणि हात आखडता घेतला तर कसला चॅम्पियन? साडूंना मी हे म्हटलं तेव्हा ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘तेवढं सोडून बोला.’ म्हणजे अलीची लढत त्यांनी होम्सच्या खात्यातून काढून टाकली. वजाही नाही, जमाही नाही. मला ते मान्य आहे. खात्यात बाकी पुष्कळ आहे.

उदाहरणार्थ गेरी कूनी. ही लढत मला बॉक्सिंगपेक्षा अमेरिकेबद्दल जास्त सांगते. जून १९८२. कूनी उंचापुरा गोरा, २५-०, डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने, माणसं झोपवणारा. गोऱ्या अमेरिकेला अनेक वर्षांनी आपला हेवीवेट दिसला आणि ती वेडीपिशी झाली. ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर कूनी आला, शेजारी सिल्व्हेस्टर स्टॅलोन. चॅम्पियन होम्स, पण पैसे दोघांना सारखे, एकेक कोटी डॉलरच्या घरात. बॉक्सिंगचा रिवाज असा की आव्हान देणाऱ्याचं नाव आधी पुकारतात आणि चॅम्पियनचं शेवटी. त्या रात्री होम्सचं नाव आधी पुकारलं. ही फीत बघताना त्याच्या चेहऱ्याकडे बघण्यासारखं असतं. काही हलत नाही. दुसऱ्या फेरीत त्याने कूनीला खाली बसवलं. तेराव्या फेरीपर्यंत कूनीचा चेहरा ओळखू येईनासा झाला आणि त्याचा प्रशिक्षक दोर ओलांडून आत आला. एवढ्या विखारातून पुढे हे दोघं मित्र झाले, चांगले जन्माचे मित्र, आणि तो विखार पैशासाठी पेटवणारे केव्हाच दुसऱ्या लढतीकडे वळले होते.

आता आकड्यांकडे येतो, कारण साडूंचा सगळा भर मार्सियानोच्या त्या शून्यावर. ४९-०, पराभव नाही, बरोबरी नाही. शून्याला माणसं भुलतात. पण शून्याच्या डावीकडे काय आहे ते बघावं. मार्सियानोने पद सहा वेळा राखलं आणि तो निघून गेला, बत्तीस वर्षांचा असताना. शहाणपणाने गेला, यात वाद नाही. त्याचे मोठे बळी बघा: जो लुई ३७ वर्षांचा, उतरलेला. वॉलकॉट ३८ चा. आर्ची मूर त्याहून थोराड, आणि मुळात हलक्या वजनाचा. एझर्ड चार्ल्सला त्याने दोनदा हरवलं त्याला मात्र माझा सलाम आहे. पहिल्या वेळी पंधरा फेऱ्या आणि दुसऱ्या वेळी फाटलेल्या नाकानिशी. मार्सियानोचं मोठेपण त्या दोन लढतींत आहे. शून्यात नाही.

होम्सने सात वर्षं राज्य केलं. पद वीस वेळा राखलं, मार्विस फ्रेझरची लढत धरली तर. डब्ल्यूबीसीने ती धरली नाही. याहून जास्त वेळा सलग पद राखलं ते फक्त जो लुईने, २५ वेळा. साडू लगेच म्हणतात, ‘समोर होतं कोण? सगळे भुक्कड.’ हा आरोप सगळीकडे ऐकू येतो आणि मला त्याची चीड येते. माइक वीव्हरला होम्सने १९७९ मध्ये हरवलं, तेव्हा वीव्हर भुक्कड होता. पुढच्याच वर्षी तो डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा चॅम्पियन झाला. ट्रेव्हर बर्बिकला १९८१ मध्ये हरवलं. तो १९८६ मध्ये चॅम्पियन. टिम विदरस्पूनला १९८३ मध्ये. तो १९८४ मध्ये चॅम्पियन. बोनक्रशर स्मिथला १९८४ मध्ये. तोही १९८६ मध्ये चॅम्पियन. होम्ससमोर आले तेव्हा ही नावं कुणाला माहीत नव्हती, आणि पुढे माहीत झाली तेव्हा होम्सचा मार आधीच खाऊन झाला होता. याला भुक्कड म्हणायचं असेल तर भाषेचं काही खरं नाही.

आणि तरी त्याच्या वहीत डाग आहेत, ते मी लपवत नाही. वीस जणांत लोरेन्झो झानॉन, स्कॉट फ्रँक यांच्यासारखी भरतीची नावंही आहेत. टेक्स कॉबला त्याने १९८२ मध्ये पंधरा फेऱ्या असं काही झोडपलं की समालोचक हॉवर्ड कोसेलने त्यानंतर व्यावसायिक बॉक्सिंगचं समालोचनच सोडलं. तो दोष होम्सचा नव्हे, लढत लावणाऱ्यांचा. ग्रेग पेजशी मात्र त्याने खेळायला हवं होतं. पैशावरून बिनसलं, होम्सने डब्ल्यूबीसीचं पद टाकलं आणि नव्याने निघालेल्या आयबीएफ या तिसऱ्या संघटनेचं घेतलं. दक्षिण आफ्रिकेचा कोएत्झी तेव्हा डब्ल्यूबीएचा चॅम्पियन. त्याच्याशी ठरलेली लढत फिसकटली. म्हणजे सगळी पदं एका कमरेला बांधायचं त्याचं राहून गेलं. लढती लावणाऱ्या डॉन किंगच्या काळात कुणाचं काय जुळलं म्हणा.

एका बाबतीत तो पुष्कळांना भारी पडला, आणि याचा यादीशी काही संबंध नाही तरी सांगतो. पैसा त्याने राखला. करोडो कमावून कफल्लक झालेल्या चॅम्पियनांची रांग लांब आहे. होम्सने ईस्टनमध्ये इमारती बांधल्या, हॉटेल चालवलं, गाव सोडलं नाही. नदीकाठच्या रस्त्याला त्याचं नाव आहे, २०१५ मध्ये पुतळाही बसला. तासाला एक डॉलरने मोटारी धुतलेल्या गावातच.

मायकेल स्पिंक्सने हरवल्यानंतर एप्रिल १९८६ मध्ये त्याच्याशी पुन्हा लढत झाली. पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मते होम्स जिंकला होता, माझ्याही मते. जजांनी दोन विरुद्ध एक असा निकाल स्पिंक्सला दिला. कडवट होऊन तो घरी बसला, आणि जानेवारी १९८८ मध्ये पैशासाठी टायसनपुढे उभा राहिला. वय ३८. अली त्याच्यापुढे उभा राहिला तेव्हा अलीचंही हेच वय होतं. टायसन एकवीस वर्षांचा, आणि अलीचा सूड घ्यायचा म्हणून पोरवयापासून मनाशी घोकत आलेला. चौथ्या फेरीत तीनदा खाली, खलास. ७५ लढतींत होम्स नॉकआउट झाला तो एवढाच एकदा. मोठमोठ्या यादीवाल्यांना हीच फीत आठवते. बघायला सोपी आहे, चार फेऱ्यांची.

मला विचाराल तर त्याहून चार वर्षांनंतरची बघावी. फेब्रुवारी १९९२, अटलांटिक सिटी. होम्स बेचाळीसचा, पोट सुटलेला. समोर रे मर्सर, ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता, एकही लढत न हरलेला, त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. होम्स कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहतो. पाय आता चालत नाहीत, म्हणून तो ते वापरतच नाही. मर्सरला स्वतःकडे येऊ देतो, खांद्यावर ठोसे झेलतो, मान इंचभर फिरवतो, आणि मधेच चक्क कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. बोलता बोलता डावा हात टाकतो. मर्सर पाऊल उचलतो आणि परत मागे ठेवतो. बारा फेऱ्यांनंतर निर्विवाद निकाल होम्सला. वर्षानुवर्षं लोक म्हणत होते ना की याच्याकडे नुसते अलीचे पाय आहेत? पाय गेल्यावर काय उरलं ते मर्सरला विचारा.

ही लढत साडूंना मी गेल्या दिवाळीत दाखवली, सबंध. पहिल्यांदाच त्यांनी मधे तोंड घातलं नाही. संपल्यावर म्हणाले, ‘बरं, पाचवा.’ पाचवा म्हणजे टायसनच्या जागी. मी म्हटलं, तिसरा. ते म्हणाले, ‘मग विदरस्पूनचं सांगा.’

आणि हे मात्र मला सांगता येत नाही. मे १९८३ मध्ये विदरस्पूनने, तेव्हा जेमतेम पंधरा लढतींचा अनुभव असलेल्या पोराने, नवव्या फेरीत होम्सला हलवला होता. निकाल दोन विरुद्ध एक असा होम्सकडे गेला. मी ती लढत कागद-पेन्सिल घेऊन पाहिली आहे आणि माझ्या कागदावर होम्स एका फेरीने पुढे येतो, पण त्यातल्या दोन फेऱ्या मी होम्सचा माणूस म्हणून त्याला दिल्या आहेत हे मलाच दिसतं. दोन वर्षांनी कार्ल विल्यम्सच्या लढतीतही जवळपास तसंच. डोळे सुजलेले, निकाल त्याच्या बाजूने. नॉर्टनला एका फेरीने हरवणाऱ्याने विदरस्पूनला पुन्हा एकदा बोलवायला हवं होतं. बोलवलं नाही. साडू हेच धरून बसलेत. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा साखरपुडा आहे, आणि त्यांनी आताच सांगून ठेवलंय की विदरस्पूनची ती लढत त्यांनी मोबाइलवर उतरवून घेतली आहे.